खंडेनवमीच्या पाटावरचे तीन तुकडे

माझी मुलगी अमेरिकेत, ॲन आर्बरजवळच्या एका छोट्या कंपनीत बंदुकीचे सायलेन्सर बनवते. इंजिनिअर आहे. हे वाक्य मी पुण्यातल्या नातेवाइकांसमोर अजून एकदाही उच्चारलेलं नाही. ‘मेटलमध्ये आहे,’ एवढंच सांगतो. ते खोटंही नाही. मी स्वतः उभा जन्म मेटलमध्येच काढला, भोसरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये, हातोड्यांच्या दणक्यात. कान तिथंच गेले. निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला आलो तेव्हा एकच अट घातली, तुझ्या त्या कामाचा विषय घरात नको. पोरगी माझ्याइतकीच हट्टी, पण अट तिनं पाळली.

गेल्या खंडेनवमीला मात्र तिनं मला बरोबर कोंडीत पकडलं. हत्यारांची पूजा आमच्याकडे कधी चुकत नाही. पाटावर माझा जुना मायक्रोमीटर, स्वयंपाकघरातली सुरी, तिचा लॅपटॉप असं सगळं मांडून झालं, आणि तिनं पिशवीतून तीन तुकडे काढून शेजारी ठेवले. चाचणीनंतर उभे चिरलेले अर्धे सायलेन्सर.

“हे काय?”

“माझं काम. यांना पण हळद-कुंकू लावा. आणि सायलेन्सर नाही बाबा, सप्रेसर म्हणतात.”

मला रागच आला. पण तुकडे उघडे होते, नळीतल्या आडव्या धातूच्या पडद्यांवर उष्णतेचे रंग चढलेले दिसत होते. मी शेवटी धातूवाला माणूस. चष्मा लावलाच.

हलका तुकडा टायटॅनियमचा. बाहेरून राखाडी, आतून जांभळा-निळा, आणि गोळीमागचा तप्त वायू जिथं आधी आदळतो त्या पहिल्याच पडद्याला तडा.

“याला फार तापवलंत,” मी म्हणालो.

“कंटिन्युअसली फायर केलं. किती टिकतं ते चेक करत होतो.”

टायटॅनियम म्हणजे पातळ पातेलं. चटकन तापतं, चटकन निवतं. शिकाऱ्याच्या चार गोळ्यांना उत्तम, पण सलग मारा झाला की त्याची ताकद ओसरते. दुसरा तुकडा स्टेनलेस स्टीलचा, बिडाच्या तव्यासारखा जड. तो उशिरा तापतो, पण एकदा तापला की लवकर हात लावायची सोय नाही.

“मग पहिला पडदा तेवढा निकेलच्या मिश्रधातूचा करायचा,” माझ्या तोंडून निघून गेलं. “जेट इंजिनात असतो तसला. लाल झाला तरी मान टाकत नाही.”

तिनं हसत तिसरा तुकडा पुढे सरकवला. “तेच केलंय. मशीनिंग करताना टूल्सची वाट लागली यार, पण टिकला.”

पडदा खरंच धड होता. मला अभिमान वाटला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असणार, कारण ती आणखी जवळ सरकली. मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, “बाबा, मी हे बंदूक चालवणाऱ्यांच्या कानांसाठी करते. तुमचे गेले तेव्हा कोणी काहीच केलं नाही.”

मी तिन्ही तुकड्यांना हळद-कुंकू लावलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. नमस्काराला मात्र हात उचलले नाहीत.

तिच्या ते लक्षात आलं. “नमस्कार राहिला.”

“कान वाचतात, ते पटलं मला,” मी म्हणालो. “पण त्यातून गोळीही जाते. ती कुणाला लागते, त्याचं मी काय करू?”

तिनं तुकड्यांकडे पाहिलं.

“मला पण नाही माहीत, बाबा,” ती म्हणाली, आणि तिनंही हात जोडले नाहीत.