मृदंगाची कणीक

आमच्या घरात गव्हाचं पीठ यायचं ते खाण्यासाठी नाही. आम्ही भाताची माणसं. पेजेपासून घावनांपर्यंत सगळं तांदळाचं. पण चतुर्थी जवळ आली की बाबा कुडाळच्या बाजारातून थोडी कणीक आणायचे, ती मृदंगासाठी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो भरलेला, पोटातला आवाज निघत नाही. वाडीच्या भजनात बाबा मृदंगावर असायचे आणि कणीक मळायचं काम माझं. सैल झाली तर आवाज बसतो, घट्ट झाली तर सुकून गळून पडते. सतराव्या वर्षी मला धड पोळी लाटता येत नव्हती, पण ही कणीक माझ्याइतकी कोणाला जमत नसे, हे मी आजही तोऱ्यात सांगते.

गणपतीत आमचं भजन घरोघर फिरायचं. पहिलं घर आमचं, दिवेलागणीला. बुवा पेटीवर, बाबा मृदंगावर, बाकीचे झांजा घेऊन. आम्ही बायका आतल्या दाराआड, काळ्या वाटाण्यांच्या उसळीपाशी. बुवा अभंग असा संथ उचलायचे की उसळ ढवळणारा हात आपोआप थांबायचा. दुसऱ्या वाड्यांतली माणसं चिखल तुडवत ऐकायला यायची. आम्हाला त्याचा भारी गर्व. भजन म्हणजे आमच्या बुवांचं, बाकीच्यांची नुसती ओरड, असं आमचं ठाम मत होतं.

मग एका उन्हाळ्यात बुवा मुंबईला भावाकडे महिनाभर राहून आले, आणि त्या चतुर्थीला त्यांनी गजर धरला तो सिनेमाच्या चालीवर. शब्द विठ्ठलाचे, चाल मालवणच्या टॉकीजमधली. सोबत एक ढोलकीवाला. ढोलकीला कणीक थापावी लागत नाही. बाबांच्या हातात झांज दिली. सणाला आलेले चाकरमानी खूश झाले, पण वाडीतले म्हातारे एकेक करून उठले आणि बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन बसले. "ह्या भजन की तमाशो?" एकाने आत ऐकू जाईल असं विचारलं.  बाबांनी दोन गजर झांज वाजवली, खाली ठेवली, आणि पुढच्या घरी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मृदंग गवसणीत घालून वाशाला टांगला. मला फार वाईट वाटलं. बुवांचा रागही आला.

पण माझा स्वभाव मुळातला चोंबडा. राग आला तरी प्रश्न काही सुटेना. त्या चालीत असं होतं तरी काय? कारण खरं सांगायचं तर ती मला आवडली होती. अभंग आम्ही दाराआडून नुसते ऐकायचो; ही चाल मात्र आतल्या सगळ्या बायकांना येत होती. त्या वर्षी पहिल्यांदा स्वयंपाकघरातून गजराला आवाज गेला. नंतर कितीतरी महिने पाट्यावर खोबऱ्याचं वाटप वाटताना ती माझ्या तोंडी यायची, आणि बाबांची चाहूल लागली की मी खोकल्याचं सोंग करायचे.

एकदा घाटीच्या, म्हणजे डोंगरवाटेच्या, पायऱ्यांवर बुवा भेटले तेव्हा विचारलंच, "बुवानू, जुनी चाल कित्याक सोडलात?"

"लोकांक हीच होयी, गो चेडवा. आता चार गावांतसून बोलावणी येतत."

"आणि तुमका खंयची होयी?"

बुवा हसले आणि वर चढू लागले. अर्ध्यावर थांबले. मला वाटलं, उत्तर द्यायला थांबले असतील. पण ते कठड्याला हात लावून नुसते उभे राहिले आणि मग निघून गेले.

पुढची चतुर्थी आली. आमच्याकडे भजनाआधी घरधनी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. शब्द कोणी नीट ऐकत नाही; तोंड आपलं आपण बोलतं. बाबा हात जोडून उभे राहिले.

"बा गणराया, तुझी सगळी लेकरां तुझ्यासमोर जमली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या वाडीचा भजन पूर्वी होता तसाच करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज बुवांचा.

माणसं आधी हसली, मग बुवांकडे बघू लागली. देवासमोर दिलेला होकार मागे कसा घेणार? बुवांनी पेटी पुढे ओढली आणि बाबांना म्हणाले, "काढा मृदंग."

कणीक मी दुपारीच मळून ठेवली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं चरण तसंच आलं, पूर्वीचं. माझे डोळे भरले. दुसऱ्या चरणाला बुवांनी सूर लांबवला आणि तो मधेच तुटला. त्यांनी श्वास घेऊन पुन्हा उचलला, पुन्हा तुटला. सगळ्यांनी ऐकलं. मला घाटीच्या पायऱ्या आठवल्या. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. बाबांनी बुवांकडे एकदा पाहिलं, आणि मृदंग न थांबवता हळूहळू लय वाढवत नेली, इतकी की सूर लांबवायची गरजच उरली नाही. बुवांनी त्या लयीवर सिनेमाची चाल धरली. ती आम्ही आतून उचलली, चांगली मोठ्याने.

बुवांनी चाल लोकांसाठी बदलली होती की दमासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. दोन्ही खरं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मृदंगाची सुकलेली कणीक खरवडत बसले होते. "काल माझो हात दोनदा चुकलो," ते म्हणाले. मग मान वर न करता, "ती चाल जरा सावकाश म्हण बगया."

"खंयची चाल, बाबानू?"

"जी म्हणताना तुका खोकलो येता ती."