तिसऱ्या मशीनची डिस्क

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतो — कितपत जमेल, माहीत नाही.

गोंदियात एका खाजगी ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. जंगलपट्टीतल्या गावांचे जुने जमिनीचे कागद स्कॅन करून साठवायचं काम. साठा तीन मशीनवर पसरलेला — एक पान तिन्ही डिस्कवर उतरलं, की मगच पुढचं घेता यायचं. एक मशीन रेंगाळली, की सगळंच रेंगाळलं.

तिसरी मशीन दुसऱ्या कामातून काढून आणलेली. तिची डिस्क पुसून फाइलसिस्टिम — म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत — बाकी दोन्हींसारखी नवी करायची होती. मी केली नाही. कंटाळा? घाई? — म्हणा काहीही. अहवालात मात्र लिहून मोकळा झालो : तिन्ही सारख्या.

स्कॅनिंगला रंजनाताई होत्या. चिचगडच्या, लेकीच्या शाळेसाठी गोंदियात खोली करून राहायच्या. त्यांची पानं रोज कमी पडू लागली. साहेबांनी दोघांनाही बोलावलं. त्या म्हणाल्या, "मी काऊन हळू करीन जी? मशीनच अडकून राहिली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात तपासलं होतं — जुन्या फाइलसिस्टिममुळे तिसरीच बाकीच्यांना अडवत होती. बोललो असतो तर काय गेलं असतं? माझी नोकरी — कदाचित. कदाचित तीही नाही.

"सिस्टिम ठीक आहे, सर," मी म्हणालो.

रंजनाताईंना कामावरून काढलं. त्याच रविवारी मी एकटा ऑफिसात गेलो आणि ती डिस्क पुसून नीट केली. सोमवारी नवी ऑपरेटर आली. पानं भराभर चढू लागली. साहेब खूश — "देखा? आदमी बदला, काम बदल गया!"

मी हसलो. हो — हसलो.

वर्षभरानं देवरीच्या बसस्टँडवर रंजनाताई दिसल्या, सोबत लेक. लेकीची शाळा कायमची सुटली होती. दोघी रोजीनं कामाला जात होत्या. ताई रागावल्या नाहीत. घरचं विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "सर, खरं सांगा — मी खरंच हळू होती काय?"

बस लागायला वेळ होता. आसपास ओळखीचं कोणी नव्हतं. मला कोण अडवत होतं?

"थोड्या होत्या, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली.

"मलेबी आता तसंच वाटते जी."