कार्डाला घातलेली खोळ

माझा दादा मुंबईहून फोन करतो तेव्हा तीन वाक्यांत आटपतो. पण संध्याकाळी आम्ही दोघं आपापल्या कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायला बसलो की त्याची टकळी सुरू होते. खोलीमालक, ऑफिसातला साहेब, बिघडलेला मिक्सर, सगळं निघतं. कापडे गावातल्या आमच्या घरी मी तेव्हा हेडफोन लावत नसे, स्पीकर चालू ठेवी. कारण मागे आई तांदूळ निवडत बसलेली असे, एक शब्द न बोलता. "मी ऐकते म्हणून सांगू नको हां. मंग तो बोलायचा नाय," असं तिनं मला बजावलं होतं. तिचं बरोबर होतं, आणि मला तिच्यासाठी वाईटही वाटायचं.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि माझी गाडी वळणावळणावर अडखळायला लागली. माझं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणारा भाग, दादानेच वापरून दिलेलं. दोन दिवस त्यानं दम धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मजा नाय येत गो. तू नवीन कार्ड घेशील तेव्हा बघू." मागे सुपातला आईचा हात थांबला.

नवीन कार्डाचं नावही काढायची सोय नव्हती, तेव्हा त्या जुन्यालाच जास्त वेगानं पळवायचं मी ठरवलं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सॉफ्टवेअरमधून वेग थोडा थोडा वाढवायचा, आणि दर वेळी अर्धा तास कार्डावर पुरता ताण टाकून ते टिकतं का ते बघायचं.

रविवारी सकाळीच बसले. आईला सांगितलं, "हे अर्धा तास बंद पडलं नाय, तर दादा परत खेळेल." अंगणात भाताची झोडणी चालली होती. चाचणी लावून मी पेंढा उचलायला जायची, आणि परत येऊन बघते तर कॉम्प्युटर बंद. वेग कमी केला, पुन्हा बंद. कार्डाचा पंखा जोरात केला, तरी बंद. विजेला शिव्या घातल्या, स्टॅबिलायझर बदलला. स्वतः नवीन घेऊन बहिणीच्या गळ्यात भंगार मारलं म्हणून दादालाही मनातल्या मनात चार शब्द सुनावले. दुपारपर्यंत कार्ड मूळ वेगावर आणलं, तरी तेच.

पाचव्या वेळी पाणी प्यायला मधेच आत आले आणि पाहिलं, तर कॉम्प्युटरवर वरून खालपर्यंत जुन्या पातळाची खोळ. आई टीव्हीला आणि शिलाई मशीनला शिवते तशीच. आत हवा कोंडून कॉम्प्युटरचा बाहेरचा पत्राही चांगलाच तापला होता. मशीन गप्प झालं की काम झालं असं समजून ती खोळ काढून घडी घालून ठेवायची, म्हणून मला कधी दिसली नव्हती.

मी ओरडले. ते मला फार सहज जमतं. "सकाळपासनं मी मरते इथं, आणि तू त्याला गोधडी घालतेस?"

ती खोळ हातात धरून उभी राहिली. "झोडणीची धूळ उडते ना गो. आत जाऊन बंद पडला तर? मंग तुझ्या दादाचा आवाज कुठनं यायचा?"

मला माझीच लाज वाटली. दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि अर्धा तास आम्ही दोघी त्याच्यासमोर बसून राहिलो. "किती झाला ताप?" ती विचारी, मी आकडा सांगे. कार्ड टिकलं. मग वेग वाढवला, तेव्हाही टिकलं.

संध्याकाळी दादाला खेळायला बोलावलं. गाडी कुठेच अडखळली नाही. "काय केलंस काय तू?" म्हणत तो रंगात आला, साहेबाची नक्कल करून दाखवली. मग एका लांब, सरळ रस्त्यावर सहज म्हणाला, "आईचा गुडघा कसा हाय गो? तिला विचारलं तर बरा हाय इतकंच सांगते."

"दुखतो रे. रातचा लय दुखतो," मागून आई म्हणाली.

पडद्यावर त्याची गाडी रस्त्यातच थांबली. बाकीच्या गाड्या तिला ओलांडून पुढे गेल्या.

"आये? तू हायस तिथं?"

"हाय रे. रोजच असते."

मग तो म्हणाला, "पुढं ये ना गो. लांबनं नीट ऐकाय येत नाय तुझं."

मी खुर्चीवरून उठले.