मागच्या चाकाचा आवाज

रविवारी सायकलवर पवनीहून आसगावकडे निघालो की वैनगंगेच्या काठी सायकल घेतलेले एक काका भेटतात. साठी उलटलेली, डोक्याला पांढरा दुपट्टा. मी कधी नाव विचारलं नाही, त्यांनीही नाही. "चाला," एवढंच म्हणतात आणि बैलगाडीच्या चालीनं पायडल मारू लागतात. धानाच्या बांधीत कुणी वाकलेलं दिसलं तर थांबून हाक देतात. माझी घाई त्यांनी न बोलता मोडली.

गाव आलं की ते खाली उतरतात आणि सायकल हातानं ढकलत नेतात. "लोकं दारात बसून राह्यते. आपण वरतून कायले बोलाचं?" मग मलाही उतरावं लागतं.

ढकलताना त्यांचं मागचं चाक मोठ्यानं टकटक वाजतं. एकदा एका दारासमोर मी तेलाची कुपी काढली, तर त्यांनी माझा हात धरला.

"नोको भाऊ. ह्या घरच्या बुढीले दिसत नाही. आवाज गेला तं मी आलो हे तिले मालूम कसं पडन?"

आजी तोवर हसत दारात आली होती. ती त्यांच्या नात्यातलीही नव्हती.

मागच्या रविवारी ते काठावर दिसलेच नाहीत. मी एकटाच त्या दारावरून सायकल ढकलत निघालो.

"काहून बाबू," आजीनं विचारलं, "आज तुहीच सायकल वाजून राहिली? जोडीदार कुठं राहिला?"

मला काय ठाऊक? ना नाव, ना घर.

"बस मंग. येईनच तो. त्याची चाल हळू आहे."

मी पायरीवर बसलो. दोघंही रस्त्याकडे कान लावून.