पपईमास्तरांचा पुरावा

पपईमास्तरांनी पहिल्या भेटीतच माझ्यावर प्राणघातक हल्ला केला. हत्यार होतं पपईची फोड. विज्ञान केंद्रातल्या पाट्या माणसांना कळतील अशा करून द्या, म्हणून मला तिथे बोलावलं होतं. मी दारातून आत पाय टाकतो न टाकतो तोच, तीन पिढ्यांचा उपाशी गरुड असावा तसा एक उंच, हडकुळा माणूस अंगावर झेपावला. डाव्या हाताने त्याने माझा जबडा उघडला, उजव्या हाताने फोड आत सारली आणि समोरच्या चाळीस माणसांना विचारलं, "मेले का हे? नाही ना? वाजवा टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नुसता जिवंत असल्याबद्दल इतकं कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं.

"गोड आहे हो," मी म्हणालो.

"गोड म्हणू नका," ते कानाशी कुजबुजले. "नेहमीसारखीच आहे म्हणा. गोड म्हटलं की लोकांना संशय येतो."

मास्तर केंद्राचे माहितीकार. त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या: एक ग्रहताऱ्यांचा अंधारा घुमट आणि समोर पिकांचं काचेचं दालन. मागच्या अंगणात पपईची बारा झाडं. एका विषाणूने आसपासच्या सगळ्या बागा झोपवल्या होत्या. शास्त्रज्ञांनी त्याच विषाणूचा एक तुकडा पपईच्या जनुकांत बसवला, आणि या झाडांना तो रोग लागेना. एवढीच गोष्ट. पण ती गळी उतरवताना मास्तरांच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या.

घुमटात लोक काहीही मानायचे. बावीस कोटी किलोमीटरवर, मंगळावर आपलं यंत्र दगड फोडतंय म्हटलं, की "वा!" तीच माणसं बारा पावलं चालून काचेच्या दालनात आली, की हातातल्या पपईकडे विंचवासारखी बघायची. "यात काय घातलंय?"

घुमटातही एखादे आजोबा अडून बसायचेच. "आकाशात जाऊन मिळतं काय? इथे नळाला पाणी नाही."

"आजोबा, गेल्या महिन्यात वादळ येणार हे तुम्हाला दोन दिवस आधी कुणी सांगितलं? वरच्या उपग्रहाने की तुमच्या गुडघ्याने?"

"गुडघ्याने!" आजोबा म्हणायचे, आणि मास्तरांचा त्या दिवसापुरता पराभव व्हायचा.

सुरुवातीला त्यांनी तक्ते लावले होते: किती वर्षं तपासणी झाली, किती माणसांनी खाल्ली. लोक तक्त्यांखाली बसून डबे खायचे. एका रविवारी मास्तर वैतागले. त्यांनी झाडाची पपई कापली, सगळ्यांसमोर खाल्ली आणि म्हणाले, "दर रविवारी खाणार. मला काही झालं तर ही झाडं तोडा!" त्या दिवसापासून दालन भरायला लागलं.

"मास्तर, हा पुरावा नव्हे," मी एकदा म्हणालो. "एक माणूस ठणठणीत राहिला, म्हणून काय सिद्ध होतं?"

"काहीही नाही. पण लेखकमहाशय, तक्ता कुणाला दिसत नाही, माझं पोट सगळ्यांना दिसतं."

असे नऊ वर्षांचे रविवार गेले. शेवटी नगरपालिकेने विषय घेतला: या पपईची रोपं लोकांना वाटायची की झाडं काढून टाकायची? मतदानाची तारीख ठरली. तिच्या दोन महिने आधी मास्तरांच्या अंगाला खाज सुटली, अन्न नकोसं झालं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला. वडील याच आजाराने बावन्नाव्या वर्षी गेले होते. मास्तर तेव्हा शाळेत होते आणि या पपईचा शोधही लागला नव्हता.

हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि त्यांच्या ताईला. ताई शिवणकाम करायची. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. एकमेकांना टोचून बोलण्यात वेळच उरला नसावा. ती दर आठवड्याला त्यांची पॅंट कमरेत आत घ्यायची आणि कोटाच्या खांद्यांत कापूस भरायची.

"अरे, रजा टाक," ती तोंडातली टाचणी काढून म्हणाली.

"रजा टाकली तर विचारतील का टाकली. फोड सोडली तर विचारतील का सोडली."

"आणि मेलास तर?"

"मतदानानंतर."

"तारीख लिहून घेतलीस का डॉक्टरांकडून?" असं म्हणून तिने मशीन इतक्या जोरात चालवलं, की पुढचं काही ऐकू आलं नाही.

मास्तर फोड खायचे आणि मागच्या दाराने जाऊन ओकून यायचे. तेही निभलं असतं. पण कावीळ झाली. डोळे पिवळे, तळवे पिवळे, चेहरा तर थेट पिकल्या पपईच्या सालीसारखा. नियतीला विनोदबुद्धी असते, पण ती फार हलक्या दर्जाची.

तेव्हा मास्तरांनी पपईचा कार्यक्रम घुमटात हलवला. "अंतराळात शेती कशी होणार?" अशी जाहिरात लावली. अंधारात ताऱ्यांखाली ते उभे राहायचे, फोड खायचे, लोकांना वाटायचे. तीन रविवार झकास गेले. पिवळं काहीच दिसत नव्हतं. लोक काळोखात बिनधास्त खात होते.

चौथ्या रविवारी एका बाईंचा चष्मा खुर्चीखाली पडला. शेजारच्या भल्या गृहस्थांनी उठून भिंतीवरचं बटण दाबलं.

सगळे दिवे लागले. मास्तर हातात फोड घेऊन उभे होते.

 मागून आवाज आला, "अरे देवा! ह्यांना झालं काय?"

"कॅन्सर झालाय," मास्तर शांतपणे म्हणाले. "माझ्या वडिलांनाही हाच होता. पपईचा काही संबंध नाही. पपई न खाणाऱ्यांनाही होतो. मी तुम्हाला आकडे दाखवतो."

ते तक्ता आणायला वळले. एका आईने मुलीच्या तोंडासमोर रुमाल धरला. "थुंक," ती हळूच म्हणाली. मुलगी थुंकली. मग रांगेने सगळेच थुंकले. मास्तर तक्ता घेऊन आले तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांनी तरीही तो खिळ्याला अडकवला आणि सरळ केला.

तीन आठवड्यांनी ते गेले. मतदानाला सहा दिवस होते.

ताई डॉक्टरांचा अहवाल घेऊन सभेत उभी राहिली. मी शेजारी होतो. तिने अहवाल अक्षर न् अक्षर वाचला, वडिलांचं सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं.

मग एक नगरसेवक म्हणाले, "ताई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण घराण्यातच आजार होता, तर त्यांनी ती पपई खायलाच नको होती."

"अहो, मी आत्ता वाचलं काय?" ताई म्हणाली.

"आणि झाडं तोडा असं ते स्वतःच म्हणून गेलेत. हजार लोकांनी ऐकलंय."

ताई खाली बसली. तिने अहवालाची घडी घातली.

सतरा विरुद्ध तीन मतांनी रोपं वाटण्याचा विषय फेटाळला गेला. बारा झाडं तोडायला दोन माणसांना अर्धा दिवस पुरला. शहरात पपई अजूनही बाहेरून येते. थोडी महाग पडते.