मे-टॅस्-ट-सिस

काल वर्गात एका मुलीनं ‘मेटा-स्टेसिस’ असं वाचलं आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा दवाखान्याचा व्हरांडा, फिनेलच्या वासासकट, समोर उभा राहिला.

माझे वडील, दादा, एसटीत कंडक्टर होते, सिल्लोडच्या गाडीवर. स्वतःच्या रिपोर्टवर बोट ठेवून ते तो शब्द असाच वाचत होते. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते; शिष्टपणे म्हणाले, “चुकतंय दादा. मे-टॅस्-ट-सिस. जोर टॅस्‌वर.”

त्यांनी थांबे पुकारल्यासारखं चारदा म्हटलं. चौथ्यांदा अचूक आलं. मी टाळी वाजवली. ती टाळी अजून माझ्या हातांतून जात नाही.

“अन् ह्याचा अर्थ काय गं?”

कॅन्सर सगळीकडं पसरलाय, हे माझ्या तोंडून निघेना. मी नुसता शब्द फोडला. “मेटा म्हणजे पलीकडं. स्टेसिस म्हणजे थांबणं.”

दादांनी रिपोर्टची घडी केली. “म्हंजे शेवटच्या थांब्याच्याबी पुढं. आपली गाडी तिथं कधी गेली नाय, बाई.”

वर्गातली मुलगी अडखळून माझ्याकडं बघत होती. “मॅडम, चुकलं का?”

“नाही,” मी म्हणाले. “पुढं वाच.”