कोडियाकराईच्या खाजणात अण्णा

शहागडला गोदावरीच्या वाळूत माझ्या वडिलांना, अण्णांना, एक मेलेलं पाखरू सापडलं. त्याच्या पायात बारीक कडी होती. कडीवरच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. उत्तर आलं, की हे पाखरू तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कोडियाकराईच्या अभयारण्यात कडी घालून सोडलेलं होतं. जमल्यास अवश्य या. असं आमंत्रण कुणी मनावर घेत नाही. अण्णांनी घेतलं. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबलेला माणूस, त्याला प्रथमच कुणी लेखी बोलावलं होतं.

नाताळच्या सुटीत जालन्याहून निघालो. गाड्या बदलत तीन दिवस गेले. भाकरी वाटेतच संपल्या. पुढं केळीच्या पानावर भात. "पोट भरून राह्यलं, पण जेवल्यावानी वाटत न्हाई," अण्णा म्हणाले. मद्रासनंतर माझं मास्तरकीचं इंग्रजीही कुणाला कळेना.

कोडियाकराईला एका अंगाला बुटकं, दाट जंगल. लगतच्या गवतात काळविटं. आमच्या ज्वारीत शिरतात तीच, इथं समुद्राच्या वाऱ्यात चरत होती. दुसऱ्या अंगाला खाजण (भरतीच्या पाण्यानं चिखल होणारी जमीन) आणि त्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग.

पक्षी धरून कडी घालणाऱ्यांची छावणी तिथंच होती. सकाळी एक तुतवार (चिमणीहून थोडं मोठं, पाणकाठचं पाखरू) त्यांच्या जाळ्यात वाईट गुरफटलं. पंखात दोरा रुतलेला, मान लटकत होती. हैदराबादची एक विद्यार्थिनी घाबरून दोरा ओढू लागली.

"बेटी, खींचो नक्को," अण्णा दखनीत म्हणाले. निजामाच्या राज्यात वाढलेला माणूस. "पहले पाँव छुडाओ."

तिनं वर पाहिलं. "आप छुडाते क्या, चाचा?"

अण्णा चिखलात गुडघ्यांवर बसले. गोदावरीवर मासेमारीच्या जाळ्यांतून त्यांनी अशी कित्येक पाखरं सोडवली होती. आधी पाय, मग पंख, शेवटी मान. पाखरानं डोळे उघडले. कडी घालून झाल्यावर छावणीच्या प्रमुखांनी ते अण्णांच्याच ओंजळीत दिलं. क्षणभर बसलं आणि खाजणावरून सरळ उडालं.

आठवड्यानं शहागडला उतरलो. हॉटेलवाल्यानं चहा देत विचारलं, "मास्तर, वडलांना कुठं फिरवून आणलं?"

"मी न्हाई," मी म्हणालो. "त्यांना बोलावणं आल्तं. मी सोबत गेल्तो."